शुगर असणाऱ्या सभासदांसाठी : चिखलात उतरण्याआधी हे वाचा



आज खत-फवारणी नाही. पाटण, जावळी, शिराळा भागात भातलावण सुरू आहे, खाली नदीकाठी उसात पाणी साचलंय. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हा मेसेज पूर्ण वाचावा.

ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या एका जिवाणूमुळे मेलिऑयडोसिस नावाचा आजार होतो. १९११ मध्ये रंगूनला तो पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्या देशात १९९१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी एका लहान मुलात त्याची नोंद केली. गोवा आणि उडुपी-मणिपाल पट्ट्यात पावसाळ्यात याचे रुग्ण सापडतात. म्हणजे घाट उतरला की आजार आहेच.

जिवाणू जखमेतून, टाचेच्या भेगेतून, दूषित पाण्यातून किंवा वादळी पावसात श्वासावाटे शरीरात जातो. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. पण साखर वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला मारायला कमी पडतात. त्यात पाय बधिर झालेले, काच लागली तरी कळत नाही.

खरी अडचण ओळखण्याची. ताप, खोकला, वजन घटणं, छातीच्या फोटोत डाग, म्हणून टीबीची औषधं सुरू होतात आणि उतार पडत नाही. कुणाला गळू होतं, कुणाच्या यकृतात पू होतो. लागण झाल्यावर साधारण १ ते २१ दिवसांत त्रास सुरू होतो, पण काहींना कित्येक महिन्यांनीही होतो. म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा : "मला शुगर आहे, चिखलात काम केलंय." रक्ताचं किंवा पुवाचं कल्चर करायचं का, हेही विचारा. लॅबला शंका आधी कळवलेली बरी, कारण हा जिवाणू दुसराच समजून सोडून दिला जातो.

मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स याला लागू पडत नाहीत. दवाखान्यात किमान १० ते १४ दिवस शिरेतून इंजेक्शन, नंतर निदान ३ महिने गोळ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की आजार उलटतो, आणि उशीर झाला तर जीवही जातो.

गमबूट घाला. लावणीत चिखलात रुतत असतील तर निदान जखम असेपर्यंत दारं धरायला, लावणीला दुसऱ्याला पाठवा. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन तळवे उजेडात बघा, दिसत नसेल तर नातवंडाला बघायला सांगा. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्या.

घरात कुणाला शुगर असेल आणि मोबाईल वापरत नसतील, तर त्यांना हा मेसेज वाचून दाखवा.