येऊ घातलेलं पेन

लॅमी सफारी हे शाईपेन 1980 साली जर्मनीत शाळकरी मुलांसाठी निघालं. त्याचा आकार वोल्फगांग फाबियान यांचा. बोटं नेमकी कुठे टेकवायची ते आपोआप कळावं अशी तिकोनी पकड, जाड कापडाच्या खिशालाही नीट बसणारी वाकवलेल्या तारेची मोठी क्लिप, आणि शाई किती उरली ते दिसावं म्हणून दांडीला ठेवलेली खिडकी. चाळीसहून अधिक वर्षांत यातलं जवळपास काहीच बदललेलं नाही. बदलतो तो रंग. हायडेलबर्गची ही कंपनी दरवर्षी त्या वर्षापुरता एखाददुसरा रंग काढते, आणि नवं वर्ष लागलं की जगभरातल्या शाईपेनवाल्यांमध्ये एकच विचारणा सुरू होते: यंदा कोणता? 2016 मध्ये काळ्या निबेचं गडद जांभळं सफारी आलं, सोबत त्याच रंगाची शाई. ज्यांचं ते हुकलं त्यांची हळहळ बराच काळ ऐकू येत होती. 2021 मध्ये कंपनीने 1980 सालचेच दोन रंग, मातकट तांबडा आणि रानहिरवा, परत आणले, तेव्हा मूळ पेनं जपून ठेवलेल्यांनी जुनं आणि नवं शेजारी ठेवून रंगाची छटा ताडून पाहिली.

एवढ्यासाठी एवढी वाट? तर हो, आणि त्याला कारण आहे. शाईपेनाच्या पोटातलं शास्त्र केव्हाच ठरून गेलेलं आहे. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनला 1884 साली पेटंट मिळालं ते निबेखालच्या जिभेचं. तिच्यातल्या बारीक खाचांतून शाई खाली उतरते आणि तितकीच हवा वर जाते. हा व्यवहार जमला की पेन लिहितं, बिघडला की एकतर गळतं नाहीतर रुसतं. आजही प्रत्येक शाईपेनात हेच चालतं. त्यामुळे नव्या फोनची वाट पाहणारा आणि नव्या पेनाची वाट पाहणारा यांची जात वेगळी. पेनवाल्याला नवं यंत्र नको असतं. तेच जुनं यंत्र आपल्या हाताला, आपल्या अक्षराला, आपल्या शाईला बरोबर बसेल अशा रूपात हवं असतं. दांडी किती जाड, वजन पुढे की मागे, टोपणाचे आटे बोटांना टोचतात का, शाई किती मावते, निब कागदावर करकरते की सरकते, हे त्याचे प्रश्न. आणि हे प्रश्न लिहिणाऱ्या माणसाला जितके ठाऊक असतात तितके बनवणाऱ्याला असतातच असं नाही.

म्हणूनच तैवानच्या ट्विस्बीची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. ता शिन प्रिसिजन ही तिची मूळ कंपनी चाळीसेक वर्षं दुसऱ्यांच्या नावाने माल बनवत होती. त्यात लेगोच्या खेळण्यांपासून नामांकित ब्रँडांच्या महागड्या पेनांपर्यंत सगळं होतं. स्वतःच्या नावाचं पेन काढायचं ठरलं तेव्हा मालक स्पीडी वँग यांनी एक वेगळी वाट धरली. 2009 च्या सुमारास त्यांनी कच्ची चित्रं आणि नमुने थेट शाईपेनाच्या वेडाने झपाटलेल्या लोकांपुढे ठेवले आणि विचारलं, यात काय हवं, काय नको? उत्तरांचा पाऊस पडला. शाई दांडीतच भरता यावी, काडतूस नको. दट्ट्या हवा. निब जर्मन हवी. दांडी पारदर्शक असेल तर शाईचा रंग दिसेल. आणि किंमत अशी हवी की विद्यार्थ्यालाही झेपेल. दट्ट्याचं पेन म्हणजे पेलिकनने 1929 साली बाजारात आणलेली पद्धत: मागची मूठ फिरवली की आतला दट्ट्या सरकतो आणि दौतीतली शाई सरळ दांडीत ओढली जाते. तोवर असं नवं पेन घ्यायचं तर बहुतेकदा मोठ्या युरोपीय कंपन्यांच्या दारात जावं लागे आणि खिसा बराच हलका होई.

2010 मध्ये डायमंड 530 आलं. किंमत सुमारे 40 डॉलर. हिऱ्यासारखे पैलू पाडलेली पारदर्शक दांडी, तिच्यात हेलकावणारी शाई. पण खरी कमाल डबीत होती. पेनासोबत एक छोटासा पाना आणि सिलिकॉन ग्रीसची इवलीशी बाटली दिलेली होती. पेन गिऱ्हाइकाने स्वतः उघडावं, दट्ट्या बाहेर काढावा, धुवावा, त्याच्या रबरी कडेला ग्रीसचं बोट लावावं आणि परत बसवावं, ही कंपनीचीच इच्छा. पान्याने मागचं बूड सैल करून दट्ट्या पहिल्यांदा हातात येतो तेव्हा पेन आपलं होतं, हे ज्यांनी केलंय त्यांना पटेल. बहुतेक मोठे ब्रँड आजही पेन उघडलं तर हमी रद्द करतात.

पुढे काय झालं तेही तितकंच महत्त्वाचं. 530 च्या प्लास्टिकला तडे जाऊ लागले. वाट पाहून घेतलेलं पेन चिरलं की मन फार खट्टू होतं. कंपनीने मात्र सुटे भाग बदलून दिले आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींवरून पुढची घडण सुधारली. 2011 मध्ये 540, त्यानंतर 580, आणि 2015 मध्ये आणखी स्वस्त, दट्ट्याचंच इको. प्रत्येक वेळी लोक आधीच्या पेनाच्या खोडी मोजून पुढच्याची वाट पाहत. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत शाईपेनाच्या जगात घडलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. कारण इथे वाट पाहणं हेच घडणीचं एक साधन झालं.

लिहिणाऱ्याला विचारून पेन घडवण्याचं याआधीचं मोठं उदाहरण जपानमधलं आहे. प्लॅटिनमने 1978 साली 3776 हे पेन काढलं, फुजी पर्वताच्या मीटरमधल्या उंचीचं नाव देऊन. त्याच्या घडणीत हारुओ उमेदा या लेखकाचा वाटा होता, आणि ते स्वतः पेनांचे मोठे संग्राहक. 2011 मध्ये याच पेनाची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्या टोपणात स्प्रिंगवर बसवलेलं एक आतलं टोपण होतं. बाहेरचं टोपण फिरवून लावलं की ते निबेभोवती घट्ट बसतं आणि हवेला फट राहत नाही. शाई दोन वर्षांपर्यंत वाळणार नाही, असं कंपनी सांगते. ज्याने विदर्भातल्या मे महिन्यात आठवडाभर पडून राहिलेलं पेन उघडून पाहिलंय, निबेवरची वाळलेली पापुद्र्यासारखी शाई नखाने खरवडलीय, त्याला या स्प्रिंगचं मोल वेगळं सांगायला नको.

पार्कर 51 च्या बाबतीत लोक वाट पाहत होते ती जुन्या पेनाच्या परत येण्याची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या जेन्सविल गावात पार्करने ते सिद्ध केलं 1939 मध्ये, कंपनीच्या 51 व्या वर्षी, म्हणून नाव 51. अमेरिकेत ते 1941 साली बाजारात आलं. कागदावर पडताच वाळणारी शाई वापरायची तर ती निबेवरही वाळणार, म्हणून निब जवळजवळ पूर्ण झाकून टाकली, नुसतं टोक बाहेर. ती शाई सेल्युलॉइड खात असे, म्हणून दांडीला ल्युसाइट हे तेव्हा विमानांत वापरलं जाणारं पारदर्शक प्लास्टिक निवडलं. टोपणाला आटे नव्हते. सरकवलं की बसायचं, ओढलं की निघायचं. प्रत्येक भागामागे कारण होतं. 1972 पर्यंत हे पेन बनत राहिलं.

आपल्याकडे एका अख्ख्या पिढीने 51 हातात धरलं नसेल, पण त्याचा आकार तिला पाठ आहे. शांघायचं हिरो! झाकलेली निब, धातूचं टोपण, बाणासारखी क्लिप, आत पिळायची रबरी नळी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून किंवा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेल्या या हिरो पेनाने महाराष्ट्रात कितीतरी जणांनी दहावीचे पेपर लिहिले. ज्याला आपण चायना पेन म्हणत होतो तो 51 चाच जुळा भाऊ होता, हे अनेकांना फार पुढे कळलं.

त्यामुळे 51 पुन्हा येतंय ही बातमी पसरली तेव्हा इथेही कान टवकारले गेले. 2021 मध्ये ते आलं. तोंडवळा तोच, पण टोपणाला आटे, आत काडतूस किंवा त्याच्या जागी बसणारा, शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर, स्वस्त आवृत्तीत पोलादी निब. लिहायला नवं पेन बरं आहे, हे मान्य करतो. तरी माझी तक्रार कायम आहे. 51 चं सौंदर्य दिसण्यात नव्हतं. टोपण खस्सकन निघतं, निब ओलीच असते, लगेच लिहायला लागा, या सोयीत ते होतं. वार्ताहर, डॉक्टर, कारकून यांना ते आवडलं ते त्यासाठी. कंपनीने चेहरा ठेवला आणि सोय काढून टाकली. ज्यांच्याकडे जुनी 51 अजून चालू आहेत त्यांना आधी विचारलं असतं तर हे एका संध्याकाळीच कळलं असतं.

मोंब्लांच्या लेखकमालेबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही. 1992 मध्ये हेमिंग्वेपासून सुरू झालेली ही माला दरवर्षी एका लेखकाच्या नावाने येते, आणि यंदा कोण, याची चर्चा संग्राहकांत महिनोन् महिने चालते. 1996 च्या अलेक्झांडर द्युमावर सुरुवातीला बापाऐवजी त्याच नावाच्या मुलाची सही कोरली गेली आणि तीच पेनं पुढे दुर्मीळ ठरली. 2019 मध्ये पाळी आली ती मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची. यांतली बरीच पेनं कपाटातच राहतात. याच कंपनीने 2009 मध्ये गांधीजींच्या नावाने, दांडीयात्रेच्या मैलांचा हिशेब धरून, 241 पेनं काढली. एकेकाची किंमत 11 लाखांच्या आसपास, निबेवर काठी घेतलेले बापू. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि भारतातली विक्री थांबवावी लागली.

गांधीजींच्या पेनाची खरी गोष्ट वर्ध्याची आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे रत्नम हे स्वदेशी पेन बनवत. बापूंचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती त्यांनी एक पेन वर्ध्याला धाडलं. 1935 च्या जुलैत बापूंनी तिथून त्यांना पत्र लिहिलं: पेन वापरून पाहिलं, बाजारात मिळणाऱ्या विदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो. आधी वापरलं, मग लिहिलं. रत्नम पेनं राजमहेंद्रीत आजही बनतात.

आणि इथेच भारतातली वाट पाहण्याची रीत निराळी होते. युरोपातली कंपनी जाहीर करते, आपण थांबतो. आपल्याकडचे हाताने पेन करणारे गिऱ्हाइकाला आधी विचारतात. तमिळनाडूत तिरुवळ्ळूरचे रंगा, चेन्नईचे आसा, मुंबईचे लोटस, पुण्याचे फॉस्फर, यांच्याकडे आकार, एबोनाइटच्या कांडीचा रंग, निबेची जाडी, क्लिप हवी की नको, शाई भरण्याची पद्धत, सगळं ठरवता येतं. मग काही आठवडे, कधी काही महिने. पुणे-मुंबईतले शौकीन एकत्र येऊन एकाच घडणीची पेनं बनवून घेतात, तेव्हा दांडी अर्धा मिलिमीटर जाड असावी की नाही यावर रात्र रात्र वाद होतात.

एका कारखान्यात लेथवर एबोनाइटची कांडी कातताना मी पाहिली आहे. धार लागली की काळ्या-हिरव्या लांब सुरळ्या निघतात आणि खोलीभर गंधकाचा वास पसरतो, कारण एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेलं रबर. कारागीर दर काही फेऱ्यांनी यंत्र थांबवून टोपण दांडीवर चढवून बघत होता. आटे दीड फेऱ्यांत बसले पाहिजेत, एवढंच त्याचं माप. एबोनाइटचा हट्ट शौकीन करतात तो नुसत्या स्पर्शासाठी नाही. ड्रॉपरने थेट दांडीत शाई भरायची जुनी भारतीय पद्धत घेतली तर शाई अर्ध्याखाली गेल्यावर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून अचानक थेंब गळतो, नेमका सहीच्या जागी. जाड एबोनाइटमधून ऊब हळू पोचते, म्हणून हा धोका कमी. आता बहुतेक कारागीर ड्रॉपर, काडतूस आणि कन्व्हर्टर तिन्ही चालतील अशी पेनं करतात, आणि तेही गिऱ्हाइकांच्या मागणीवरून.

खटकतं ते एकच. एवढ्या निगुतीने केलेल्या बहुतेक महागड्या देशी पेनांची निब जर्मनीहून येते, बॉकची किंवा योवोची. देशातही निबा बनतात. कॅनराइटच्या निबा अनेक स्वस्त पेनांत असतात, आणि दाब दिला की रेघ रुंद करणाऱ्या त्यांच्या लवचीक निबांना परदेशातही चाहते आहेत. मात्र एक निब मऊ निघते आणि दुसरी करकरते, हा फरक अजून गेलेला नाही. 2024 मध्ये जपानच्या मित्सुबिशी पेन्सिलने लॅमी विकत घेतली तेव्हापासून पुढच्या सफारीचं काय, हे विचारणारे मित्र मला भेटतात. मी त्यांना देशी निबेबद्दल विचारतो. पुढच्या एकत्रित मागणीत निम्म्या पेनांना देशी निब लावून घ्यायची, प्रत्येक निब भिंगाखाली तपासायची, आणि कोणती करकरली, कोणती चालली, याची नोंद करून ती बनवणाऱ्याला पाठवायची असं आमचं ठरतंय. दांडीचा रंग अजून ठरायचा आहे. बहुमत सध्या गडद हिरव्याकडे आहे.