विस्मरणाचा अपराध कोणाचा?

सेवानिवृत्त शिक्षकास जुन्या विद्यार्थ्यांची आठवण होते तेव्हां हुशार मुलें प्रथम डोळ्यांपुढें येतात, असा लोकांचा समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. मला आठवतो तो पांचव्या यत्तेंतील, अंगानें किरकोळ व स्वभावानें अत्यंत गोड असा एक मुलगा. आज बाराचा पाढा तो घडाघडा म्हणे, आणि उद्यां तो पाढा त्यास कोणीं शिकविलाच नव्हता असें वाटे. पांच मिनिटें एका जागीं बसणें त्यास साधत नसे. चूक समजावून सांगितली तर मान डोलवी, आणि त्याच तासाला पुनः तीच चूक करी. मीं त्यास आळशी म्हटलें, कोडगा म्हटलें, आणि खरें लिहावयाचें तर छडीहि पुष्कळदां चालविली. पुढें त्यानें शाळा सोडली.

त्यास काय झालें होतें हें मला आजहि सांगतां येणार नाहीं. परंतु गर्भावस्थेंत मद्याचा स्पर्श झाल्यामुळें मुलांना जडणाऱ्या विकारांविषयीं अलीकडे वाचनांत आलें, आणि त्या मुलाचा चेहरा पुनः पुनः दिसूं लागला. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९६८ सालीं फ्रान्समधील नांत येथील पॉल लेमवान या डॉक्टरांनीं मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १९७३ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनीं या विकारास ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असें नांव दिलें. पुढें सौम्य व तीव्र सर्व प्रकार मिळून ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ ही व्यापक संज्ञा रूढ झाली. कारण सरळ आहे. आईच्या रक्तांतील मद्य वारेंतून गर्भापर्यंत पोंचतें. गर्भाचें यकृत अपक्व असल्यानें त्याचा निचरा त्याच्याकडून होत नाहीं. आणि मेंदूची घडण तर नऊहि महिने चालूच असते. यामुळें अमुक महिन्यांत चालेल किंवा अमुक घोट चालेल, अशी सुरक्षित मर्यादा वैद्यकास घालून देतां आलेली नाहीं.

संस्कृत जाणणाऱ्यांस येथें एका गोष्टीचें स्मरण होईल. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, गर्भास अपाय करणाऱ्या गोष्टी सांगतांना नित्य मद्य घेणाऱ्या स्त्रीचें अपत्य तृषाळू, अल्प स्मृतीचें आणि अस्थिर चित्ताचें होतें, असें म्हटलें आहे. त्याच यादींतील इतर कित्येक विधानें आजच्या शास्त्रास मान्य होणार नाहींत. तेव्हां पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें, अशी शेखी मिरविण्याचें कारण नाहीं. परंतु स्मृति आणि चित्त यांवर ठेवलेलें हें बोट मात्र अचूक पडलें आहे.

आतां प्रश्न असा कीं, अशीं मुलें ओळखावयाचीं कशीं? एका रक्तपरीक्षेनें निकाल लागावा, असा हा विकार नाहीं. मुलाची वाढ, डोक्याचा घेर, चेहऱ्याची ठेवण, बुद्धीच्या व वर्तनाच्या कसोट्या आणि आईच्या गरोदरपणाची हकीकत इतक्या गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. चेहऱ्यावरील खुणा तीन: डोळ्यांच्या फटी आंखूड, नाकाखालची उभी पन्हळ सपाट, आणि वरचा ओठ पातळ. पण या खुणा गर्भाच्या अगदीं आरंभींच्या आठवड्यांत अपाय झाला तरच उमटतात. बहुसंख्य मुलांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो. अपाय आंत, मेंदूंत असतो. अशा मुलांच्या वाट्यास निदान येत नाहीं, शिक्षकानें ठेवलेलीं नांवें तेवढीं येतात.

आपल्या देशांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्यें महाराष्ट्रांतच, तत्कालीन ठाणे जिल्ह्यांतील पालघर येथें झाला. त्यान्वयें फिरतीं वैद्यकीय पथकें अंगणवाडींतील बालकांस वर्षांतून दोनदां व सरकारी शाळांतील मुलांस एकदां तपासतात. जन्मजात व्यंगें, न्यूनता, रोग आणि विकासांतील विलंब असे चार विभाग पाडून सुमारे ३० विकारांची यादी केली आहे. तींत आपल्या विषयाचें नांव नाहीं. मात्र भाषेचा विलंब, अवधानाची चंचलता व अध्ययनांतील अडचण हीं तेथें आहेत. म्हणजे असें मूल सांपडलें तरी दुसऱ्या नांवाच्या दारानें आंत येतें, आणि मूळ कारण विचारलेंच जात नाहीं. तपासणीच्या कागदावर एक प्रश्न वाढविला, आणि तो एकांतांत, दोषारोप न करतां विचारला, तरी पुष्कळ काम होईल. १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकांतच आहे; पथकांतील डॉक्टरांस हें शिक्षण द्यावयाचें तर आरंभ येथूनच कां होऊं नये?

‘हा आपल्या घरचा विषय नव्हे,’ असें वाचकभगिनींस वाटेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें (२०१९-२१) मद्य घेणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण शेंकडा सुमारे १ आहे, हें खरें. परंतु आपल्या लोकसंख्येंत शेंकडा एक म्हणजे लाखोंची गोष्ट आहे. शिवाय द्राक्षांचें हें गांव आतां वाइनचें गांव म्हणून ओळखलें जातें, आणि सुशिक्षित घरांतहि ‘वाइन म्हणजे फळांचा रसच’ असें हंसत म्हटलें जातें. गर्भाच्या दृष्टीनें वाइन, बिअर व मोहाची दारू यांतील मद्यार्क एकच. २०१९ पासून बाटलीवर सक्तीनें छापलेल्या इशाऱ्यांत मद्य आरोग्यास घातक असल्याचें व पिऊन गाडी न चालविण्याचें सांगितलें आहे. गर्भवतीचा उल्लेख त्यांत नाहीं. तो घरांतील वडील माणसांनींच सांगावा लागेल.

मात्र तो सांगतांना सुनेस किंवा मुलीस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करूं नये. दिवस गेल्याचें कळण्यापूर्वींच कित्येकींकडून अजाणतां घेतलें गेलेलें असतें. आग्रह करणारे हातहि दुसऱ्यांचेच असतात. घाबरून हकीकत लपविली, तर नुकसान मुलाचेंच होतें.

निदान होऊन उपयोग काय, असेंहि कोणी विचारील. मेंदूचा झालेला अपाय भरून येत नाहीं, हें कबूल. परंतु सिॲटलच्याच ॲन स्ट्राइसगुथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९९६ मध्यें ४१५ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. तींत सहा वर्षांच्या आंत निदान झालेल्या व स्थिर, प्रेमळ घर लाभलेल्या मुलांचें पुढील आयुष्य पुष्कळ कमी बिघडल्याचें आढळलें. अशा मुलास एका वेळीं एकच सूचना द्यावी, चित्र दाखवून द्यावी, रोजचा क्रम मोडूं नये, आणि विसरल्यास न रागावतां पुनः सांगावें. तो ऐकत नाहीं असें नव्हे. ऐकलेलें त्याच्यापाशीं टिकत नाहीं.

हें मला त्या वेळीं कोणी सांगितलें असतें, तर बाराचा पाढा मीं त्या मुलास शंभरदां सांगितला असता. छडी विसरणें मला कठीण नव्हतें. पाढा लक्षांत ठेवणें त्यास कठीण होतें. आज ज्यांच्या वर्गांत असें एखादें मूल बसलें असेल, त्या शिक्षकांनीं व त्याच्या आईबापांनीं छडी उचलण्यापूर्वीं त्यास एकदां डॉक्टरांकडे न्यावें, एवढीच या निवृत्त मास्तराची विनंती आहे.