भिंतीत रद्दी, खिडकीत उदबत्ती!

रात्रीचे सव्वाबारा. कर्वे रोडवरचा माझा दुसरा मजला. खाली बाइकवाल्यांचे हॉर्न आणि आई अंथरुणात उठून बसलेली. ‘तुझ्याकडे झोपच लागत नाही गं, मी आपली साताऱ्याला जाते.’ आणि चौथ्या दिवशी खरंच गेली! लोन काढून हौसेनं घेतलेल्या फ्लॅटनं माझी विकेटच काढली.

न्यू जर्सीच्या मावसभावाला फोन लावला. ‘अगं, भिंतीत सेल्युलोज भरून घे!’ त्याची घरं लाकडी सांगाड्याची. १६ इंचांवर एकेक उभा खांब, दोन्हीकडे जिप्सम बोर्ड, मध्ये साडेतीन इंच पोकळी. प्रत्येक खणात भोक पाडायचं, पाइप घालायचा आणि मशीननं फुंकायचा रद्दी पेपरचा कापसासारखा भुगा. पेटू नये म्हणून त्यात बोरेट. भोकं बुजवली, रंग दिला की संपलं. (म्हणजे माझे लेख कुणाच्या तरी भिंतीत! वाचले जात नसले, तरी ऐकू येऊ देत नाहीत.)

मी लगेच मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंतीवर टकटक केलं. ‘मॅडम, ही विटांची. भरायचं कुठे?’

खरंच की! शिवाय दादानंही नंतर कबूल केलं, की शेजारचं बोलणं पुसट झालं, पण होम थिएटरचा बास येतोच. तो लाकडातून थरथरत येतो, भुगा त्याला काय करणार? फरक जेमतेम चार-पाच डेसिबलचा. आवाज निम्मा वाटायला साधारण १० लागतात. आपली वजनदार वीट त्याहून जास्त अडवते.

मग आवाज येतो कुठून? आईच्या डब्यातली उदबत्ती पेटवून मी बंद खिडकीच्या कडेनं फिरवली. स्लाइडिंगच्या ट्रॅकपाशी धूर नाचायला लागला. जिथून हवा, तिथूनच हॉर्न!

बेडरूमला दारासारखी उघडणारी, रबरी गॅस्केटची खिडकी बसवली, लॅमिनेटेड काचेची. दाराखाली रबराची पट्टी. चार लेखांचं मानधन गेलं. शांतता शंभर टक्के नाही, आणि सकाळी उठल्याबरोबर खिडकी उघडावी लागते, नाहीतर खोली कोंदट. (२००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबल. आमच्या चौकाला कुणीतरी सांगा, प्लीज!)

पुढच्या खेपेला आई दहा दिवस राहिली. तक्रार आहेच : ‘तुझ्या खोलीत भाजीवाल्याची हाक ऐकू येत नाही.’