लांब फेकीआधी लीडर बांधा
इंग्लंडच्या किनाऱ्यांवर मासे गळाला लावताना लांब फेकीसाठी साधारण 12-13 फुटी रॉड आणि 5 औंसांचे, म्हणजे सुमारे 140 ग्रॅमचे, शिसे वापरतात. फेकीचा झटका बारीक तंगूस सोसत नाही. म्हणून पुढे जाड तंगुसाचा तुकडा, ‘शॉक लीडर’, बांधतात. हिशेब सोपा: दर औंसामागे 10 पौंड ताकद, म्हणजे इथे 50 पौंड. लांबी रॉडच्या दुप्पट, शिवाय रिळावर पाच-सहा वेढे. इथे काटकसर नकोच. तंगूस तुटला तर शिसे गोळीसारखे सुटते. नवख्याने शिसे मागे वाळूवर टेकवून फेक शिकावी. वरचा हात ढकलतो, खालचा छातीकडे ओढतो, खरा जोर शेवटीच लागतो. शिसे लोलकासारखे झुलवून केलेली ‘पेंड्युलम’ फेक नंतर, तीही निर्मनुष्य किनाऱ्यावर. आणि हो, दर वेळी लांब फेक लागतेच असे नाही: बास मासा बऱ्याचदा काठालगतच्या फेसातच चरत असतो.