पाबळच्या घुमटाखालील उमेदवारी

उन्हाळ्याच्या सुट्टीत उमेदवारी कोठे करावी, या विवंचनेत असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याच्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी असलेल्या विज्ञान आश्रमाचा विचार अवश्य करावा. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनकार्य सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली त्याची स्थापना केली, ती शाळेच्या चौकटीत न रमलेल्या ग्रामीण तरुणांस प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण मिळावे, या हेतूने.

वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात हे तरुण वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असे नाना हुन्नर आत्मसात करतात. आणि वस्तू घडविली की तिचा जमाखर्चही स्वतःच मांडतात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

येथील प्रसिद्ध घुमटाचेच पाहा. चौकोनी सांगाडा दाबाखाली तिरपा होतो, परंतु त्रिकोणाच्या बाजू अभंग असेपर्यंत त्याचा आकार पालटत नाही. म्हणूनच त्रिकोणांच्या जाळीतून उभारलेली ही वास्तू अल्प सामग्रीत, मधल्या खांबावाचून तग धरते. पदवीच्या विद्यार्थ्यास हे सूत्र मुखोद्गत असते खरे, पण दहावी नापास मुलगा त्याच्या हाती पान्हा देऊन नट आवळावयास सांगतो, तेव्हा गुरू कोण, याचा क्षणभर संभ्रम पडतो.