किर्लोस्कर: नाव एक, कारखाने अनेक

घराण्याचा धंदा टिकला की आपण एकोप्याचे गोडवे गातो आणि मोडला की भाऊबंदकीवर खापर फोडतो. किर्लोस्करांचा इतिहास पाहिला तर दोन्ही निदाने वरवरची वाटतात. लक्ष्मणरावांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने सुरुवात केली. पुढे लोखंडी नांगर घडवला, पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेनात. बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचे माळरान दिले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर झाले. इतक्या ओढाताणीत घर एकत्र राहते, त्यात फार नवल नाही. कसोटी लागते ती बरे दिवस आल्यावर.

या घराने केलेली खरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे नव्या पिढीला जुन्या गादीवर दाटीवाटीने बसवले नाही. पुतण्या शंकरराव चित्रकार वृत्तीचा. त्याला हिशेबाच्या वहीला न जुंपता 1920 मध्ये मालाची माहिती देणारे मासिक काढू दिले, आणि त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअर होऊन आला. 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, तर त्याच वर्षी बंगळुरूत विजेच्या मोटारींचा. गाव वेगळे, माल वेगळा, त्यामुळे चुलत्या-पुतण्यांत तुलनाही कमी.

यावर कुणी म्हणेल, हे युद्धाने आणि स्वातंत्र्यानंतरच्या संरक्षित बाजारपेठेने साधले. मागणी त्यातून आली हे मान्य. पण ती बाजारपेठ इतरांनाही खुली होती, आणि माणसे कुठे पेरायची हे काही सरकारने ठरवले नव्हते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कारखाना वेगळा केला म्हणजे तो तगतोच असे नाही. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर अखेर बंद पडलीच. वेगळेपणाने भांडण टळते, तोटा नव्हे.

भांडण पेटले ते सीमा पुसट झाल्यावर. 2009 मध्ये कुटुंबात वाटणीचा करार झाला, तरी एकाने दुसऱ्याच्या मालाच्या धंद्यात शिरायचे की नाही यावरून वाद कोर्टात गेला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. करार कागदावर आला तेव्हा पंप, इंजिने आणि घराण्याचे नाव ही तिन्ही आधीच एकमेकांत गुंतलेली होती.