कीबोर्ड घेताना तक्त्यात काय पाहावे

सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी कुणाला गणपती-नवरात्रासाठी कीबोर्ड घ्यायचा असेल, तर मॉडेलांचे गुण शेजारीशेजारी मांडणारा ऑनलाइन तक्ता फार उपयोगी. मात्र त्यातला आवाजांच्या संख्येचा रकाना आधी बाजूला ठेवा. शेकडो आवाजांतले मोजकेच वापरात येतात.

खरा रकाना पॉलिफनीचा, म्हणजे एका वेळी किती स्वर उमटतात याचा. ताल, साथ आणि लांबवलेले सूर एकत्र आले की ही मर्यादा लवकर संपते आणि आधीचे स्वर तुटतात. अशा तक्त्यांत सिंथेसायझरही दिसतो, पण तो आवाज घडवण्यासाठी असतो; त्यात स्पीकर आणि तयार साथ बहुधा नसते. म्हणून कीबोर्ड आणि सिंथेसायझर यांना एकाच मापाने मोजू नये. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची तबकडी केली, तेव्हा त्यांच्या रोलँड ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर एका वेळी फक्त ८ स्वर निघत. रागाच्या एकेरी सुरावटीला तेवढे पुष्कळ होते!

मींड हवी असेल, तर पिच बेंडची, म्हणजे स्वर वर-खाली सरकवण्याची, सोय पाहाच. बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होतो का, तेही तपासा. स्वस्त मॉडेलांत अनेकदा नेमके हेच गाळलेले असते.